पूल आला की सांगायचं

—नाही हो, बसा, बसा फानसाहेब. शिक्का माझाच आहे, मी कुठे नाही म्हणतोय? लाल चौकोन, आत माझं आडनाव, चुआंग — या तळावर दुसरा चुआंग नाही. पण शिक्का माझा म्हणजे खाडाखोड माझी, असं होत नाही ना — आमच्याकडे माणसाच्या कार्डावर काही चुकलं की रेघ मारायची, वर बरोबर ते लिहायचं आणि शेजारी शिक्का उठवायचा, पद्धतच आहे ती, आणि शिक्का असतो टेबलाच्या वरच्या खणात, कुलूप नाही काही नाही, आमची कारकून पोरगी दिवसाला वीस वेळा घेते नि ठेवते. तर कोणीही मारू शकतं. तुम्हांला झेरॉक्स कोणी दिली? चौकशीवाल्यांनी? बरं. दिली ते बरंच केलं म्हणा. चहा घ्या, निवतोय. इथल्या भेटीच्या खोलीतला चहा गरम असेपर्यंतच चहा असतो, मग ते नुसतं पिवळं पाणी. काल त्याचा एकोणपन्नासावा दिवस, शेवटचा विधी झाला ना? मोजतोय मी. म्हणजे मुद्दाम नाही मोजत, भिंतीवर कॅलेंडर आहे, दिसतं.

तुमचे दोन प्रश्न, लक्षात आहेत माझ्या. एक — तुम्ही यूथांगचे नवरे, सरकारी कचेरीत रीतसर नोंद झालेले, इथे काओशुंगमध्येच राहणारे, इस्पितळापासून वीस मिनिटांवर — तर त्याला लागलं त्या दिवशी फोन तुम्हांला न येता तिकडे यून्लीनला त्याच्या बापाला का गेला. आणि दुसरा — त्या दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी तुम्ही त्याच्या मोबाइलवर फोन केलात, दोनदा वाजला, आणि मग कोणीतरी कापला. तो त्याने कापला का. बरोबर? दुसऱ्याचं सांगतो, थांबा. सांगणार आहे. आधी पहिला संपवू, मला एका वेळी एकच जमतं हल्ली.

सहा वर्षं होता तो माझ्या हाताखाली. सार्जंट च्येन यूथांग — ट्रकचं बॉनेटही न उघडता, नुसतं कान देऊन सांगायचा की आत काय बोंबललंय. असला मिस्त्री मला सव्वीस वर्षांत मिळाला नव्हता. त्याला हे मी कधी बोललो नाही, इथे कोणी कोणाला बोलत नाही. तर तीन वर्षांपूर्वी एका दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये हा आला तो दोन्ही हातांत लग्नाच्या बिस्किटांचे डबे घेऊन — लालभडक, वर सोनेरी रिबीन — आणि टेबलाटेबलावर ठेवत सुटला. आम्ही म्हटलं, वा रे लबाडा, गुपचूप गुपचूप? मुलगी कोणाची? लुओ — तो जाडा सार्जंट, तुम्हांला दुसऱ्या दिवशी फोन केला तोच — त्याने एक बिस्कीट तोंडात टाकलं आणि डब्यावरची नावं मोठ्याने वाचली. च्येन यूथांग आणि फान बोरन. आणि म्हणतो कसा, हे काय रे, पोरीचं नाव बाप्याचं कसं? यूथांग म्हणाला, बाप्याच आहे म्हणून. झालं. सगळ्या हॉलमध्ये चॉपस्टिकचा आवाज येईना. लुओच्या तोंडात ते बिस्कीट तसंच — गिळावं की थुंकावं कळेना त्याला, गाल फुगवून बसला. शेवटी यूथांगच त्याला म्हणाला, गिळ गिळ, अननसाचं आहे, त्याने काही होत नाही.

आम्ही वाईट माणसं नाही हो. हे तुम्हांला पटायला हवं असं नाही, पण आपलं सांगतो. कायदा झालेला होता, वरून परिपत्रक आलेलं होतं, लष्करी सामुदायिक लग्नात तशी जोडपी उभी राहिलेली आम्ही टीव्हीवर बघितली होती, टाळ्याही वाजवल्या होत्या. पण टीव्हीवर बघणं वेगळं आणि शेजारच्या नळाखाली बघणं वेगळं. आंघोळीची आमची एकच लांब खोली, बारा नळ, मध्ये आडोसा नाही. त्या संध्याकाळपासून अर्धी पोरं चड्डी घालून आंघोळ करायला लागली! सहा वर्षं — म्हणजे तेव्हा तीन — तीन वर्षं त्याच्यासमोर उघडीनागडी नाचलेली पोरं, आणि आता लाजतायत, नव्या नवऱ्या झाल्यासारख्या. लुओ तर पाठ भिंतीला लावून अंग घासायचा. एक दिवस यूथांग त्याला म्हणाला, लुओ, बाबा रे, मी दिवसभर ट्रकची बुडं बघतो, संध्याकाळी तुझं कशाला बघू? सगळे हसले. आणि गंमत ऐका — लुओला राग आला. माझ्याकडे येऊन म्हणतो, सार्जंट मेजर, म्हणजे मी काय इतका वाईट दिसतो का? — हसलात तुम्ही. हसा. त्याने सांगितलं होतं का तुम्हांला हे घरी? सांगितलं असेल. तो घरी सगळं सांगायचा असं वाटायचं मला, सोमवारी परत यायचा तेव्हा चेहरा मोकळा असायचा.

मग मी एक शहाणपणा केला. मी म्हटलं, यूथांग, तू आपला सगळ्यांच्या शेवटी जात जा आंघोळीला, म्हणजे तुलाही मोकळं, त्यांनाही मोकळं. तो म्हणाला, मला आत्ताही मोकळंच आहे, सार्जंट मेजर. मी म्हटलं, तरी. तेव्हापासून तो शेवटी जायचा. शेवटी गरम पाणी संपलेलं असतं. हे मला — हे मला नंतर लक्षात आलं, दोन हिवाळे गेल्यावर. मी विचारलं, बोलला का नाहीस? म्हणाला, तुम्ही इतक्या काळजीने सांगितलंत, की कसं बोलणार.

आणि असलं एक नाही. मला वाटायचं, असल्या माणसांना सजावट छान येते. कुठून घेतलं मी हे डोक्यात? टीव्हीवरूनच घेतलं असणार. नववर्षाला हॉल सजवायचा असतो, लाल कागद, दिवे, दाराच्या दोन्ही बाजूंना चिकटवायच्या शुभेच्छांच्या ओळी — मी म्हटलं, हे काम यूथांगला. तीन वर्षं दिलं. एक वर्ष नाही की त्या ओळी तिरप्या लागल्या नाहीत! डावीकडची उजवीकडे लावली होती एकदा. वरचे साहेब आले, मान वाकडी करून वाचत होते. त्याला कागदावर सरळ रेघ यायची नाही, आणि तरी पुढच्या वर्षी मी परत त्यालाच. नऊ ट्रक उभे आहेत आणि माझा सगळ्यात चांगला मिस्त्री शिडीवर चढून कंदील टांगतोय — कारण काय, तर मला वाटलं त्याला आवडेल. एकदा तर मी सरळ विचारलं होतं, दोन घोट पोटात गेले होते — की तुमच्यात बायको कोण? तो जरासुद्धा चिडला नाही. म्हणाला, ज्याचा त्या दिवशी भांडी घासायचा नंबर असेल तो. मी म्हटलं, मग आमच्या घरात मीच. तेव्हा हसला तो.

हां, कार्ड. कार्डाचंच सांगतोय. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. लग्न झाल्यावर त्याने आपलं कार्ड नवीन भरून दिलं — रक्तगट, पत्ता, आणि काही झालं तर कोणाला कळवायचं. पती किंवा पत्नी या रकान्यात तुमचं नाव, मोबाइल नंबर, दुकानाचाही नंबर. सुरेख भरलं होतं, तेवढं मात्र सरळ रेघेत. आणि मग दोन वर्षांपूर्वी तपासणी आली. वरून एक कर्नलसाहेब येणार होते, जुन्या वळणाचे, कागद नाकाला लावून वाचणारे — ते एकेका माणसाचं कार्ड मागवतात आणि त्याला समोर उभं करून विचारतात, वडिलांचं नाव काय, बायकोचं नाव काय, म्हणजे कार्ड खरं की बनावट ते कळावं. मी आदल्या दिवशी गठ्ठा चाळत बसलो होतो. त्याचं कार्ड हातात आलं. मला दिसलं — साहेब विचारणार, हा उत्तर देणार, हॉलमध्ये परत ती शांतता, मग साहेब काहीतरी बोलणार, आणि हा ते ऐकून घेणार, ऐकून घेतल्यासारखा चेहरा करून. म्हटलं, कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. तपासणी झाली की परत करू नीट.

मी केलं, हो. मघाशी म्हणालो कोणीही करू शकतं — कोणीही करू शकतं, पण केलं मी. तुमच्या नावावर रेघ मारली, खाली 'मित्र' म्हणून घेतलं, तिथे नंबरासाठी जागाच नसते, आणि वर अविवाहित लिहिलं, आणि तातडीचा संपर्क म्हणून वडील — त्यांचा नंबर भरतीच्या वेळच्या जुन्या फाइलमध्ये होता. शिक्का उठवला. शाई वाळेपर्यंत फुंकर पण घातली मी त्यावर. आणि कर्नलसाहेबांनी त्याचं कार्ड मागवलंच नाही. अकरा कार्डं मागवली, त्यात त्याचं नव्हतं. नंतर नीट करायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे — राहू दिलं. त्याचं काय झालं ते सांगतो.

कार्डावर अविवाहित, म्हणजे सुट्ट्यांच्या यादीतही अविवाहित. नववर्षाच्या आदल्या संध्याकाळी घरचं जेवण चुकवायचं नाही, हे तुम्हांला मी काय सांगू. पण तळ रिकामा ठेवता येत नाही, वर्कशॉपला एक अनुभवी माणूस लागतोच, मी नाही तर यूथांग. आणि नियम असा की बायकोपोरंवाल्यांना आधी सुट्टी. पहिल्या वर्षी तो आपणहून राहिला. दुसऱ्या वर्षी मी म्हटलं, यूथांग, तुम्हांला काय, ना पोर ना बाळ, दोघेच तर आहात, आज जेवलं काय नि तीन दिवसांनी जेवलं काय! हे बोललो मी. खरंच असं वाटायचं मला. की तुमचं ते घर म्हणजे — घर आहे, पण घरासारखं नाही, आमच्यासारखं नाही. दोन मित्र एका खोलीत राहतात तसं काहीतरी. राहिला ड्यूटीला.

आणि या वर्षी — या वर्षी त्याने दोन महिने आधी अर्ज दिला. माझ्या टेबलावर ठेवला आणि उभा राहिला. म्हणाला, सार्जंट मेजर, या वर्षी मला जेवायला घरी जायचंय, बोरनची आई येणार आहे म्याओलीहून, पहिल्यांदाच येणार आहे आमच्याकडे. तिने कबूल केलंय. मी म्हटलं, बघतो. बघायचं काय होतं त्यात? यादी मीच करतो. पण आमच्या मुलाला मुलगा झालेला, नातवाचं पहिलं नववर्ष, आमची मंडळी रोज फोनवर — या वर्षी आला नाहीत तर बघा. यादीत त्याच्यापुढे अविवाहित, माझ्यापुढे विवाहित. मी काही खोटं केलं नाही, यादीच तसं सांगत होती. त्याने यादी वाचली फळ्यावर. मग माझ्याकडे आला, म्हणाला, इथे अविवाहित कसं लिहिलंय? मी म्हटलं, कॉम्प्युटरची काहीतरी भानगड असेल, सुट्टीनंतर बघू. मग म्हणाला, नातवाला माझ्याकडून नववर्षाच्या पैशांचं लाल पाकीट द्या. खिशात तयार होतं त्याच्या. आधीपासून.

तुमची आई आली होती का हो त्या संध्याकाळी? — आली होती. बरं.

आता तो दिवस. माझी बॅग भरून गेटपाशी ठेवलेली, सकाळचे दहा. यूथांग पाच टनी ट्रकच्या चाकात हवा भरत होता. लोखंडी पिंजऱ्यात चाक ठेवून भरायची असते, तो पिंजरा दुरुस्तीला गेलेला, आणि एक ट्रक संध्याकाळी बाहेर पडायचा होता. त्याने भरली. चाकाची लोखंडी कडी उडून डोक्यात बसली. पुढचं तुम्हांला चौकशीच्या कागदात आहे, ते मी परत नाही बोलत. मी धावलो तेव्हा तो बसल्यासारखा दिसत होता, ट्रकला टेकून. इस्पितळात अकरा वाजता पोचलो. कारकून पोरीने फोनवर विचारलं, कोणाला कळवू? मी म्हटलं, कार्ड बघ. तिने कार्ड बघितलं, बापाला कळवलं. तिची काही चूक नाही, तिला काही करायला सांगू नका चौकशीत.

तुमचा नंबर नव्हता, असं लिहिलंय ना मी जबाबात? 'पतीचा संपर्क क्रमांक उपलब्ध नव्हता.' हा चष्मा बघा माझ्या डोळ्यांवरचा. तुमच्या दुकानातला आहे. दीड वर्षापूर्वी यूथांगच घेऊन आला होता मला, तुम्ही खुर्चीत बसवून नंबर काढलात, नाकाला टोचतो म्हटल्यावर दोनदा वाकवून दिलात, आणि चहा दिलात तो यापेक्षा बरा होता. चष्म्याच्या डबीवर दुकानाचा नंबर छापलेला आहे. डबी त्या दिवशी माझ्या शर्टाच्या खिशात होती. दिवसभर होती. मी इस्पितळाच्या बाकावर बसून ती उघडत मिटत होतो, तेवढं आठवतंय. म्हणजे असं नाही की सुचलं नाही. सुचत होतं. तुम्हांला फोन करायचा तर पहिलं वाक्य काय बोलायचं — तो आज तिथे का होता, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. तिथे घोडं अडलं. बारा वाजता अडलं, एक वाजता अडलं, आणि मग म्हातारा आला.

म्हातारे च्येन दोन वाजता पोचले. लसणाच्या शेतातून उठून तसेच, पायात रबरी बूट. तीन वर्षं बोललेले नव्हते मुलाशी. डॉक्टर म्हणाले, यंत्रावर आहे तोवर आहे, डोक्यात आता काही राहिलेलं नाही. म्हाताऱ्याने एकच विचारलं — घरी पोचेपर्यंत टिकेल का? आमच्याकडे बाहेर जीव गेलेल्याला घरात घेत नाहीत, शेवटचा श्वास घरच्या ओसरीत, पूर्वजांसमोर सुटला पाहिजे — तुम्हांला माहीत आहे, सगळ्यांनाच माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, सही करा, गाडी देतो. सही बापाने केली. मी तिथेच उभा होतो. मी एक शब्द बोलायला हवा होता — की काका, याचं घर इथेच आहे, वीस मिनिटांवर, सहाव्या मजल्यावर, दारात दोन जोडी चपला आहेत. मला ते खरंच आठवलं नाही, फानसाहेब. हे खोटं नाही. 'घरी न्यायचं' म्हटल्यावर माझ्या डोक्यात त्याच्या बापाचंच घर आलं. तीन वर्षं बिस्किटं खाऊन, चष्मा करून घेऊन, सगळं करून — मला ते घर वाटलंच नव्हतं कधी. म्हणून मीही मान हलवली. बरोबर आहे, म्हटलं, घरी नेऊ या. मी बरोबर येतो.

साडेतीनला निघालो. गाडीत मागे एक जण फुगा दाबत श्वास देणारा, एका बाजूला म्हातारा, एका बाजूला मी, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी — त्याचं घड्याळ, बूट, मोबाइल. निघताना ड्रायव्हर म्हणाला, नातलगांनी पूल आला की सांगायचं हं, नाहीतर जीव पाण्यापाशी अडकतो, पलीकडे येत नाही. सांगायचं बापाने. पहिला पूल आला, एररन नदीचा — म्हातारा आपल्या हातांकडे बघत बसलेला. तोंड उघडलं, परत मिटलं. तीन वर्षं नाव नाही घेतलं की ते बाहेर येत नाही. पूल संपत आला. मग मीच ओरडलो — यूथांग, पूल आलाय बरं का, एररनचा, सांभाळून ये, आम्ही पुढे आहोत. त्यानंतर सगळे मीच सांगितले. यानश्वीचा सांगितला. वळणं सांगितली, बोगदा सांगितला, टोलची कमान सांगितली. कवायतीच्या मैदानावर जसा ओरडतो तसा ओरडत होतो. सात पूल लागतात यून्लीनपर्यंत. मी त्याला इतक्या नीट हाका मारल्या, फानसाहेब, एक पूल चुकवला नाही, आणि नेलं कुठे, तर ज्या घरात तीन वर्षं त्याला उंबऱ्यावर उभं केलं नव्हतं तिथे. तुम्हांला तरी कुठे आत घेतलं त्यांनी — तुम्ही रस्त्याच्या पलीकडे उभे होतात म्हणे सातव्या दिवसाच्या विधीला, लसणाच्या पोत्यांपाशी. लुओ म्हणाला.

मला काही वाटत नाही हल्ली. हे तुम्हांला चीड यावी म्हणून सांगत नाही, खरंच वाटत नाही. जेवतो, चव नाही. नातवाला मांडीवर घेतो, जड लागतो, बस्स. लष्कराची डॉक्टरीण विचारते झोप येते का — येते हो, छान येते, तेच तर. त्याचं ते लाल पाकीट अजून माझ्याच कोटात आहे, नातवाला दिलं नाही.

हो. फोन. विसरलो नाही.

तिसरा पूल, झंगवन नदीचा, लांबलचक पूल आहे. मी 'यूथांग, पूल आला' म्हणायला तोंड उघडलं आणि पिशवीत मोबाइल वाजला. काढला. तुमचा फोटो होता त्यावर, दुकानाच्या दारातला, हातात केरसुणी. खाली नाव वगैरे काही नाही, 'घर' असं लिहिलेलं. म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. फुगा दाबणाऱ्याने बघितलं, म्हणाला, घरून आहे का, घ्या ना. दोनदा वाजला.

तुम्ही मघाशी आत आल्या आल्या जे बोललात — की त्या सकाळी तुमचं भांडण झालं होतं, की तुम्ही त्याला फोनवर म्हणालात, आई येणार आहे संध्याकाळी आणि तू नाहीस, मग आता तिथेच राहा कायमचा — आणि दुपारी फोन केलात तर त्याने कापला, उत्तर न देता कापला, आणि तो गेला तो तसाच रागावून — हे तुम्ही एकोणपन्नास दिवस घेऊन हिंडताय ना? टाका ते. त्याने नाही कापला. त्याच्या हाताला तेव्हा बोटं हलवायचीही ताकद नव्हती. मी कापला. म्हाताऱ्याने काही सांगितलं नव्हतं मला. तो नुसता बघत होता, कदाचित घ्या असंही म्हणाला असता, मी त्याला तेवढा वेळ दिला नाही. अंगठा लावला आणि कापला, आणि मग मोबाइल बंदच करून टाकला. आणि म्हटलं, यूथांग, झंगवनचा पूल आला. लेखी हवं असेल तर लेखी देतो. शिक्का मारून देतो.

नको — ते मला नका सांगू. काय बोलणार होतात त्या फोनवर ते. ते माझ्यासाठी नव्हतं.

काय? तेव्हा होता का? होता. संध्याकाळी सातपर्यंत होता, गावात सगळीकडे फटाके लागले तोवर. शुद्ध नव्हती. कानाशी धरला असता मोबाइल तर — त्या फुगा दाबणाऱ्याने इस्पितळातून निघतानाच सांगितलं होतं मला, बोलत राहा, डोळे आधी जातात, कान सगळ्यांत शेवटी जातो. ऐकू येत असतं. ते माहीत होतं मला. म्हणून तर मी पुलांवर ओरडत होतो.

पाच वाजले, गेटवाले बंद करतील. उठा आता. नाही, मी बाहेरपर्यंत येत नाही. जा, फानसाहेब. जा म्हणतो ना.